चौकोनांची देवनागरी: 'भुसावळ' आणि 'मुसावळ' यांत किती घरांचा फरक?

गिरणाकाठ

मंडळी, नुसत्या चौकोनांतून देवनागरी फॉन्ट करायला घेतलाय. नियम मोजके. सगळे चौकोन एकाच मापाचे. घर एक तर भरलेलं, नाहीतर कोरं, अर्धं काही नाही. तिरकी रेघ नाही, गोलाई नाही. शाळेतली चौकटीची वही घ्यायची आणि पेन्सिलने घरं भरत सुटायचं.

खूळ डोक्यात कुठून शिरलं ते सांगतो. जळगावात माझं डीटीपी-फ्लेक्सचं काम आहे. आमच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणतात हे बहुतेकांना माहीत असेल. चटईच्या काठात नाव विणायचं तर अक्षर घराघरांतच बसवावं लागतं, वळण घ्यायची सोयच नाही. तिथे मराठी नाव बघितलं की बिचाऱ्या अक्षरांची दया येते. इंग्रजी नाव मात्र ऐटीत बसलेलं असतं.

इंग्रजीचं बरं आहे. नेदरलँड्सच्या थिओ फान डूसबर्गने १९१९ मध्येच ५×५ च्या चौकटीत रोमन अक्षरं बसवून दाखवली होती. त्याच देशातल्या विम क्राउवेलने १९६७ मध्ये 'न्यू अल्फाबेट' काढला. तेव्हाच्या नव्या टाइपसेटिंग यंत्रांच्या पडद्यावर गोलाई धड उमटत नसे. यंत्राला गोल जमत नाही ना, मग अक्षरच उभ्या-आडव्या रेघांचं करून टाकू, असा त्याचा खाक्या. काही अक्षरं ओळखूही येत नाहीत, पण तो प्रस्ताव होता, रोजच्या छपाईसाठी नव्हता. पुढे १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला. त्याच्या पडद्यावरचे ठिपक्यांचे फॉन्ट सुझन केअरने केले, आणि १९८५ च्या सुमारास झुझाना लिचकोने त्याच जाडजूड ठिपक्यांतून छपाईचे फॉन्ट काढले. सगळ्यांच्या हाताशी सव्वीस अक्षरं, आणि तीही एका मजल्याची.

आपलं घर तीन मजली. हिशेब असा: रेघ एका घराची, पोकळीही एका घराची. 'क' चं पोट धरलं तर वरची कड, पोकळी, खालची कड मिळून तीन ओळी. शिरोरेषा आणि पोट यांत श्वास घ्यायला एक ओळ, खाली दांड्याच्या शेपटीला एक. झाल्या पाच. शिरोरेषेची एक. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना तीन. खाली उकार, ऋकार, हलन्त यांना तीन. एकूण बारा. रोमन ५×७ मध्ये भागतं, आपल्याला बारापेक्षा कमी उंची परवडत नाही, निदान मला तरी जमली नाही.

आता गंमत बघा. मात्रांच्या ओळी सोडून फक्त अंग दाखवतोय.

क　　　　ळ
■■■■■　■■■■■
□□■□□　□□■□□
■■■■■　■■■■■
■□■□■　■□■□■
■■■□■　■■■■■
□□■□□　□□□□□

फरक फक्त दोन घरांचा! लांबून 'जळगाव' चं 'जकगाव' होतं. हाच प्रकार म-भ, घ-ध, य-थ यांचा. भुसावळचं मुसावळ, धुळ्याचं घुळे, धरणगावचं घरणगाव. आपल्या खान्देशातल्या गावांची नावं म्हणजे या फॉन्टची परीक्षाच आहे. सुचवा काहीतरी.

सातपुडा_७२

गिरणाकाठ, वाईट वाटून घेऊ नका, पण याचा उपयोग काय? छान वळणदार फॉन्ट फुकट मिळतात. मुद्दाम वाचायला त्रास होईल असं अक्षर कशासाठी काढायचं?

धुळेकर भाऊ

भाऊ, हाई काय नवं काढं तुम्ही? डोकावरथून गयं बठ्ठं. पण भारी शे.

आणि आमच्या धुळ्याचं घुळे केलं तर रस्ता रोको होईल, सांगून ठेवतो.

गिरणाकाठ

@सातपुडा, पुस्तक छापायला नाहीच हा. जिथे माध्यमच घराघरांचं आहे तिथे वापरायचा: चटई, दिव्यांच्या पाट्या, भरतकाम, केळीच्या खोक्यांवर रंग मारायचा पत्रा. अशा ठिकाणी आज काय होतं, तर वळणदार फॉन्ट घेऊन तो बळजबरीने ठिपक्यांत कोंबतात. गोलाईचे तुकडे पडतात, 'ष' चा 'प' होतो. त्यापेक्षा अक्षर आधीपासून घरांतच विचार करून काढलं तर कसं दिसेल, एवढं बघायचंय.

@धुळेकर भाऊ, म्हणून तर आधी विचारतोय!

जुना जुळारी

नमस्कार. अमळनेरात छापखान्यात खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) जुळवण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

एक तर देवनागरीचं वळण आलं तिरप्या छाटलेल्या बोरूतून. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, हे लेखणी कलती धरल्यामुळे. तुम्ही सगळीकडे एका जाडीची रेघ घेताय म्हणजे अक्षराचा अर्धा प्राण तिथेच गेला. उरलेल्या अर्ध्यावर निभवायचं तर प्रत्येक अक्षराची खूण कोणती, ते आधी ठरवा. 'भ' ची खूण गाठ नव्हे. गाठ 'म' लाही आहे. 'भ' ची खूण म्हणजे डोक्यावरची तुटलेली रेघ. ती एका घराने तोडलीत तर शाईत बुजेल. बारीक टाइपात आमची 'भ' आणि 'म' ची अदलाबदल काय कमी वेळा झाली! प्रूफ तपासणारे त्यावरच जगत.

दुसरं, तुम्ही 'क' आणि 'ळ' ची काळजी करताय, पण तुमच्या प्रांताचं नाव तरी नीट येतंय का ते बघा. 'ख' कसा काढणार? र आणि व शेजारी ठेवलेत की 'रवान्देश' झालंच. लिपी सुधारणेत 'ख' चा पाय 'व' ला जोडून घेतला तो याच घोटाळ्यापायी.

फुलीटाका

धागा आवडला, वाचनखूण साठवली. मी मूळची चोपड्याची, आता पुण्यात. आमच्याकडे हे सगळं मॅटीच्या कापडावर वर्षानुवर्षं चाललंय हो! दारावरचं 'सुस्वागतम', 'शुभ लाभ', लग्नातल्या रुखवतातलं वधूवरांचं नाव, सगळं फुलीच्या टाक्याने. एक फुली म्हणजे तुमचं एक घर. ठिपक्यांच्या रांगोळीत वाढलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

'भ' साठी आम्ही काय करायचो ते सांगते. जुळारी काका म्हणतात तसं डोकं पूर्ण उघडं सोडायचं आणि वरचा बाक एक ओळ खाली उतरवायचा. असा:

म　　　　भ
■■■■■　□□□■■
□■□□■　■■□□■
□■□□■　□■□□■
■■■■■　■■■■■
■■□□■　■■□□■
□□□□■　□□□□■

आता तीन घरं कोरी आणि बाक खाली. माझ्या सासूबाईंना चष्म्याशिवाय ओळखू येतो, आणखी कसली परीक्षा हवी!

गिरणाकाठ

ताई, अगदी हेच हवं होतं. ध आणि थ लाही हीच युक्ती लावतो.

काका, 'ख' साठी असं करून बघितलं: र चा पाय शेवटच्या ओळीतून सरळ उजवीकडे नेला आणि व च्या पोटाखाली चिकटवला. पोटाची खालची कड पाचव्या ओळीत, पाय सहाव्यात, त्यामुळे दोन्ही एकमेकांना पूर्ण टेकतात. थोडा जडशीळ दिसतो, पण 'रवान्देश' वाचला जात नाही. जाडीचं म्हणाल तर बोरू सोडला हे खरंच. पण इराणात मशिदींच्या भिंतींवर विटा रचून चौकोनी कूफी लिपी (अरबीचं एक वळण) काढलेली असते. तिथे लेखणीचा मागमूस नाही, तरी अक्षर दिमाखदार आहे. वीट आणि लेखणी दोघींचं वळण वेगळं असणारच.

नवापूरचा पाव्हणा

मग शिरोरेषाच काढून टाका की! आमचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पाटीवर दोन्ही लिप्या शेजारी. गुजरातीचं शिरोरेषेवाचून काही अडलेलं नाही. एक अख्खी ओळ वाचेल तुमची.

जुना जुळारी

पाव्हणं, गुजरातीत रेघ गेली तशी अक्षरांनी अंगं बदलून घेतली, म्हणून तिथे चालतं. इथे नुसती रेघ उडवली तर भ आणि म ची खूणच उडाली. वर ताईंनी जे साधलंय ते सगळं रेघेच्या जोरावर.

गिरणाकाठ

काकांशी सहमत. शिवाय मला वाटतं, चौकोनांच्या या खेळात शिरोरेषा ही आपली जमेची बाजू आहे. रोमनमध्ये सुटी सुटी ठोकळ्यासारखी अक्षरं, शब्द बांधायला काही नाही. आपल्याकडे सलग पट्टी आयती मिळते. चटईत विणताना तर ती एक अख्खी आडवी प्लास्टिकची नळी. पाव्हण्यांची सूचना मोह पडण्यासारखी आहे, पण नाही.

रेडियमवाला

गाड्यांवर रेडियम कापून नावं टाकतो, पाचोऱ्याला. माझा मुद्दा वेगळा आहे. ताईंचा 'भ' मस्त, पण आधीचं अक्षर जवळ आलं की त्याच्या शिरोरेषेचं टोक आणि 'भ' च्या बाकाचं टोक कोपऱ्याला कोपरा टेकतात. 'आभार' लिहून बघा. कागदावर चालेल, पडद्यावर चालेल. प्लॉटरवर (ब्लेडने कापणाऱ्या यंत्रावर) कापलं की गेलं. कोपऱ्यावर टेकलेले दोन चौकोन म्हणजे मध्ये जोड शून्य. ब्लेड तिथे फिरलं की एक तर दोन्ही सुटतात, नाहीतर नको असलेला भाग सोलताना एक घर सोबत उचलून येतं. पत्रा कापून स्टेन्सिल केलात तर उलटी गत: कोपऱ्यावरचा पत्रा इतका बारीक उरतो की मुडपतो.

माझं ऐका, नियम करा की घराला घर कडेनेच लागलं पाहिजे, कोपऱ्याने नाही. तिरकं जायचं तर पायरी घाला. 'र' असा येईल:

■■■■
□□□■
□■■■
□■□□
□■■□
□□■■

फुलीटाका

रेडियमवाले दादा, अगदी पटलं. भरतकामात ही अडचण येत नाही, कारण कापड खाली असतंच. म्हणून लक्षात आली नाही. 'भ' च्या डावीकडे एक उभी रांग कोरी सोडली तर? अक्षर सहा घरांचं होईल.

गिरणाकाठ

होईल ताई. भ, ध, थ तिघांनाही डावीकडे एक रांग कोरी. आणि कडेने जोडायचा नियम आजपासून लागू. दादा, हा नियम माझ्या मूळ नियमांपेक्षा महत्त्वाचा निघाला. ष, श, झ, सगळी तिरकी मंडळी आता पायऱ्यांनी उतरतील.

भुसावळ_जंक्शन

आमच्या गावाचं नाव चाललंय तर आम्हीही बोलतो. दिव्यांच्या पाटीत आणि तुमच्या चौकोनात एक फरक आहे. पाटीतला दिवा गोल असतो आणि दोन दिव्यांमध्ये अंधाराची फट असते. म्हणजे तिथे सरळ रेघसुद्धा तुटकच, डोळाच ती जोडून घेतो. त्यामुळे तिरके दोन दिवेही तितक्याच सहज जोडले जातात. भरीव चौकोनांत सरळ रेघ अखंड दिसते, आणि मग तिरकी रेघ त्यापुढे मोडकी वाटते. तेव्हा पाटीसाठी पायऱ्या नकोत, उगाच अक्षर जाड होतं. रेडियमसाठी हव्यात. एकच आराखडा दोन्हीकडे लावू नका.

ज्या पाटीला उभे १६ दिवे असतात तिथे तुमच्या बारा ओळी सुखाने बसतील. आठ दिव्यांच्या पाटीवर मात्र देवनागरीच्या नशिबी हालच.

गिरणाकाठ

हे डोक्यात आलंच नसतं. म्हणजे एकाच सांगाड्याचे दोन प्रकार: 'पायरी' आणि 'ठिपका'. चटईत तिसरीच भानगड. तिथे घर चौकोनीच नाही. नळीची जाडी आणि ताण्याच्या (उभ्या) दोऱ्यांमधलं अंतर सारखं नसतं, त्यामुळे चौकटीच्या वहीत देखणं दिसलेलं अक्षर विणल्यावर बसकं किंवा लांबोडकं होतं. विणकराला आराखडा देताना घराचं माप त्याच्याकडून आधी घ्यायचं आणि त्याच मापाच्या आयतांत अक्षर बघून घ्यायचं, दुसरा इलाज नाही.

आयटीतला एरंडोलकर

फॉन्टची फाइल करताना लागतील अशा गोष्टी, सुचतील तशा:

फॉन्टफोर्ज हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात काम भागेल. एमची (अक्षराच्या पूर्ण चौकटीची) उंची १२०० युनिट ठेवा, म्हणजे एक घर बरोब्बर १०० युनिट. पूर्णांकातच राहायचं. एक चौकोन एकदा काढून त्याचे संदर्भ (मूळ चौकोनाला जोडलेल्या नकला) सगळीकडे वापरा. चौकोनाचा ठिपका करायचा झाला तर एका जागी बदललं की सगळा फॉन्ट बदलतो. पण शेवटची फाइल काढताना चौकोन एकमेकांत विरघळवून एकच बाह्यरेषा करा. नाहीतर शेजारच्या दोन चौकोनांच्या मध्ये पडद्यावर केसाएवढी पांढरी रेघ चमकते. लोकांना वाटतं फॉन्ट बिघडलाय.

जोडाक्षरांना घाबरू नका. उजवीकडे दांडा असलेली अक्षरं (त, न, प, म, व, स वगैरे) अर्धी करायची तर शेवटची उभी रांग उडवा, झालं. 'खान्देश' मधला अर्धा न असाच. चौकोनांच्या फॉन्टमध्ये हे काम इतकं यांत्रिक होतं की मजा येते. डोकेदुखी ती बिनदांड्याची: ट, ठ, ड, ढ, द, ह. त्यांना हलन्त द्या किंवा खाली चढवा. 'द्ध' आणि 'द्व' वेगळे काढावेच लागतील. क आणि फ चा दांडा मध्ये, त्यांचा उजवा हात आखूड करून पुढच्याला लावायचा. साक्री आणि अक्कलकुवा ही दोन नावं नीट आली की 'क' सुटला समजा.

वेलांटीचंही चांगलं आहे. नेहमीच्या फॉन्टमध्ये पहिल्या वेलांटीची कमान प्रत्येक अक्षराच्या रुंदीप्रमाणे जुळवत बसावं लागतं. तुमच्याकडे रुंद्याच मोजक्या, तेवढ्याच कमानी. वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन ठेवायचं काम प्रणाली करते, फॉन्टने फक्त आकार द्यायचा.

'दऱ्या' मधला र विसरू नका, बाहेरचे लोक हमखास विसरतात. आणि ल, श मराठी वळणाचे ठेवा. श गाठीचा.

सातपुडा_७२

गाठीचा श पाच घरांत बसतो का? मला आता रस यायला लागलाय, कबूल करतो.

गिरणाकाठ

पाचात नाही, सहात बसतो. गाठीची पोकळी सोडून दिली, भरीव दोन-दोन घरांची गाठ ठेवली. 'म' च्या गाठीसारखीच. एकदा गाठ म्हणजे भरीव ठोकळा असं ठरवलं की ती सगळ्या फॉन्टभर सारखी येते आणि डोळ्याला सवय होते. ब-व चंही तसंच: व चं पोट पाच घरं रुंद, आत तीन घरांची पोकळी, तिच्या मधोमध एक घर भरलं की ब. तिरकी रेघ काढत बसायचं कारण नाही.

'ळ' चं मात्र पाचात काही केल्या जमेना, म्हणून सरळ सातावर नेला आणि शेपटीच्या ओळीपर्यंत खाली बसवला:

■■■■■■■
□□□■□□□
■■■■■■■
■□□■□□■
■□□■□□■
■■■■■■■

आता 'जकगाव' कुणी वाचणार नाही. अमळनेर, पारोळा, तळोदा, जळगाव, भुसावळ, धुळे, सगळ्यांना पुरून उरेल.

धुळेकर भाऊ

एवढा खटाटोप कशाला? अहिराणीत लिहा. आमच्याकडे ळ नाहीच, केळीला आम्ही केयी म्हणतो. दोन रांगा वाचल्या!

जुना जुळारी

'ळ' झकास. हात लावू नका.

आता 'मूर्तींचे' लिहून दाखवा. खाली दीर्घ ऊकार, वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार. आमच्याकडे नवीन खिळे आले की मी हा एकच शब्द जुळवून बघत असे. इथे वरच्या मात्रेचा खिळा हमखास मोडायचा, कारण तो शेजारच्यावर लोंबकळत असे. तुमच्या तीन ओळींत हे तिघं मावले तर मी मानलं.

गिरणाकाठ

काका, मावतात, पण उभे नाही, आडवे. वेलांटीची कमान शिरोरेषेला लागून दोन ओळींत. रफार तिच्या दांड्यावर डोक्याकडे सरकवला, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत. अनुस्वार रफाराच्या उजवीकडे, मध्ये एक घर सोडून. त्यापायी 'तीं' च्या उजवीकडे दोन रांगा जास्तीच्या द्याव्या लागल्या. शब्दात तिथे शिरोरेषा जरा लांब दिसते. अनुस्वार एका घराचा ठेवला तर छोट्या मापात हरवतो आणि दोन-दोन घरांचा केला तर रफाराला भिडतो. सध्या एकाचाच ठेवलाय. यापेक्षा बरं कुणाला सुचत असेल तर सांगा, मला हा तुकडा अजून पटलेला नाही.

आयटीतला एरंडोलकर

अनुस्वार एका घराचाच असू दे, पण रफार आला की त्याची जागा बदलणारा पर्याय घाला. रफार-अनुस्वार असं जोडरूपच वेगळं काढा, एकच आकार म्हणून. बहुतेक चांगल्या फॉन्टांत तसंच असतं. मग रफाराच्या बाकातच घर कोरं सोडून आत ठिपका बसवता येईल.

गिरणाकाठ

बाकात ठिपका! वहीत काढून बघितलं, कडेने जोडायचा नियमही मोडत नाही, कारण ठिपका चारी बाजूंनी सुटाच राहतो. जास्तीच्या दोन रांगांपैकी एक परत मिळाली.

रेडियमवाला

सुटा ठिपका रेडियमला चालतो, ट्रान्सफर टेपवर सोबत उचलला जातो. फक्त फार बारीक मापात मागू नका.

फुलीटाका

मला फाइल वगैरे नको, 'सुस्वागतम' चा आराखडा चौकटीत छापून मिळेल का? भाचीचं लग्न आहे, तोरण करायचंय. म चा पाय मोडायचा की नाही तेही सांगा, घरात त्यावर दोन तट पडलेत.

गिरणाकाठ

जरूर ताई, उद्या टाकतो. पाय मोडायचा की नाही ते घरात ठरवा. मोडलात तर तो उकारांच्याच तीन ओळींत येतो, वेगळी जागा लागत नाही. 'स्वा' साठी स ची शेवटची रांग उडवली आहे, व ला तो लगेच चिकटतो. खालच्या त्या तीन ओळी मात्र मॅटीवर आधी मोजून सोडा, नाहीतर 'सु' चा उकार झालरीत जाईल.